चौथा बिंदू मागणाऱ्या बाई

बाईंनी माझ्या मुलीला दारातूनच परत पाठवलं. "हिला खाली बाकावर बसव," त्या मला म्हणाल्या, "आणि तू आत ये."

मला वाटलं, मुलीसमोर बोलायचं नसेल काही. मुक्ताला लिफ्टने खाली पाठवून मी आत गेले. क्वीन्सटाउनमधला जुना फ्लॅट, बाराव्या मजल्यावरचा. हॉलमध्ये सोफा नव्हता, टीव्ही नव्हता. मधोमध एक लांबलचक लाकडी टेबल, त्यावर आलेखाचा कागद अंथरलेला, आणि भोवती चार स्टुलं. बाईंचं वय साठ-पासष्ट. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, पण पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि तेही घरात. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"बस."

"अहो, पण गणित मुलीला शिकायचंय. ती सेक थ्रीला आहे, म्हणजे आपली नववी."

"माहीत आहे. मी मुलांना शिकवत नाही. आयांना शिकवते."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

आम्ही पुण्याहून सिंगापूरला आलो त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सार्सची साथ आदल्याच वर्षी सरली होती. शाळेत रोज ताप मोजायला दिलेला थर्मामीटर अजून मुक्ताच्या दप्तरात होता. नवरा बँकेच्या आयटी विभागात, सकाळी सातला जायचा तो रात्रीच्या जेवणाला यायचा. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली. पुण्यात ग्रंथालयात काम करत होते, इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट पासवर, स्वतःच्या नोकरीविना घरी. आणि मुक्ता, जी पुण्यात वर्गात पहिल्या पाचांत असायची, ती इथे ए-मॅथ्समध्ये शंभरात अठ्ठावीस घेऊन आली होती. ए-मॅथ्स म्हणजे नेहमीच्या गणिताशिवायचं जादा गणित. मी पेपर बघायला मागितला तर इथल्या मुलांसारखा 'लाह' लावत म्हणाली, "नेव्हर माइंड लाह आई, यू वोंट अंडरस्टँड." ती उद्धटपणे बोलली नव्हती, तेच जास्त लागलं. मला खरंच कळलं नसतं. दहावीला गणितात मला अडतीस होते आणि निकालाच्या दिवशी मी देवासमोर शपथ घेतली होती, की याउप्पर या विषयाचं तोंड बघणार नाही.

बाईंचा पत्ता मला अनघाने दिला. अनघा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, मंडळाच्या गणपतीत ओळख झालेली. "बाई चक्रम आहे," तिने आधीच सांगितलं होतं, "पण जा." चक्रम म्हणजे नक्की किती, ते तिने सांगितलं नव्हतं.

मुलांना का शिकवत नाही, ते बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. "सहा वर्षं शिकवून बघितलं. मूल इथून समजून घरी जातं. जेवताना आई म्हणते, बाई गं, मलाही गणित कधी जमलं नाही. झालं. माझे दोन तास त्या एका वाक्यात वाहून जातात. मग मी ठरवलं, ते वाक्य जिथून येतं तिथेच काम करायचं."

मला शरमल्यासारखं झालं. ते वाक्य मी आदल्याच आठवड्यात, आमटी वाढताना, जसंच्या तसं म्हटलं होतं.

बाई मूळच्या गिरगावातल्या. ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेल्या, आणि लग्नानंतर इथे आल्यावर तुआसकडच्या एका जहाजबांधणीच्या यार्डात, ड्रॉइंग ऑफिसमध्ये, वीस-बावीस वर्षं नोकरी केलेल्या. जहाजाच्या पोटाची वळणं काढणं हे त्यांचं काम. मोजलेले बिंदू कागदावर मांडायचे आणि त्यांतून एक लवचीक लाकडी पट्टी वाकवून न्यायची. ती हलू नये म्हणून जागोजाग शिशाची वजनं ठेवायची. मग कॉम्प्युटर आले, ड्रॉइंग ऑफिस बंद झालं. यार्डातून निघताना बाईंनी निरोपाची भेट म्हणून काय मागितलं असेल, तर ती पट्टी आणि सहा वजनं. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा ऑस्ट्रेलियात. घरात त्या, ती पट्टी आणि आम्ही.

पहिल्या दिवशी त्यांनी कागद बाजूला सारून टेबलावर दोन खिळे ठोकले. सरळ टेबलात ठोकले, मी दचकलेच. मग पट्टी दोन्ही खिळ्यांना टेकवून माझ्या हातात दिली. "वाकव."

मी वाकवली. वरून कमान झाली.

"अजून वेगळी."

मी थोडी कमी वाकवली. मग उलटी, खालून झोळीसारखी. दोन खिळ्यांना टेकून पट्टी हव्या तितक्या तऱ्हांनी वाकत होती. बाई गंमत बघत उभ्या होत्या. मग त्यांनी मध्ये, जरा वरच्या अंगाला, तिसरा खिळा ठोकला.

"आता वाकव."

आता पट्टी एकाच तऱ्हेने बसली. मी ढकलून बघितली, ओढून बघितली. ती हटेना.

"पट्टी तिच्या मनाने वळते, तिचं गणित वेगळं," बाई म्हणाल्या. "पण आपल्या वर्गसमीकरणाचंही असंच. y बरोबर ax वर्ग अधिक bx अधिक c. यात a, b, c तीन अनोळखी. तीन अनोळखी शोधायला तीन साक्षीदार लागतात. दोन दिलेस तर कितीही वळणं निघतील. तीन दिलेस की एकच. चल, शोध."

त्यांनी तीन बिंदू दिले. x शून्य असताना y एक, x एक असताना दोन, x दोन असताना पाच. मी शून्य टाकलं, आणि a आणि b दोघंही गळून c एकटा उरला. एक. माझ्याच डोळ्यांवर माझा विश्वास बसेना, इतकं सोपं कसं असेल. उरलेल्या दोन बिंदूंची दोन समीकरणं झाली. तासभर मी त्यांच्याशी झटले. तीनदा चुकले. खोडरबर मागितला तर बाई म्हणाल्या, "या घरात खोडरबर नाही. चूक झाली की आडवी रेघ मारायची, चूक दिसली पाहिजे. कुठे घसरलीस ते पुसून टाकलंस तर पुन्हा तिथेच घसरशील." शेवटी a एक आला आणि b शून्य. मधला b नाहीसाच झाला होता.

"x वर्ग अधिक एक," मी म्हटलं.

"बरोबर आहे का?"

"आहे ना?"

"मला काय विचारतेस? ज्या तीन बिंदूंतून काढलंस ते हो म्हणणारच. चौथा विचार."

x तीन असताना किती, ते मी काढलं. दहा. बाईंनी टेबलावरचा कागद उलटला. मागच्या बाजूला वक्ररेषा आधीच काढलेली होती. मी तिनाच्या रेघेवरून एकेक चौकोन मोजत वर गेले. आठ, नऊ, दहा. माझं बोट बरोबर रेषेवर टेकलं.

मला काय झालं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मी तो बिंदू कधी बघितला नव्हता आणि तो कुठे आहे ते मला आधीच कळलं होतं. मी चाळीशीच्या जवळ आलेली बाई, आणि आनंदाने माझ्या पायांना स्वस्थ बसवेना. खाली मुक्ता दीड तास बाकावर बसून कंटाळली होती. "त्या बाईंनी काय विचारलं?" तिने लिफ्टच्या दारातच विचारलं. "काही नाही," मी म्हटलं. "पुढच्या वेळी मी एकटीच येईन."

बाई आमच्याकडून फी घेत नसत. त्याऐवजी प्रत्येकीने दर खेपेला घरातून एक वळण आणायचं, असा नियम. वाकलेली कुठलीही वस्तू. ती कागदावर ठेवून पेन्सिलीने कड गिरवायची, कडेवरचे तीन बिंदू घ्यायचे, त्यांवरून समीकरण काढायचं, आणि मग चौथ्या बिंदूला विचारायचं. अनघा धरून आम्ही चौघी होतो. मी कढईचा कान नेला, मग केळं, मग चष्म्याची दांडी. अनघा एकदा ऑफिसातून थेट आली. काही आणायला विसरली होती, म्हणून तिने मंगळसूत्र काढलं आणि दोन टोकं चिमटीत धरून कागदासमोर लोंबतं ठेवलं. आम्ही श्वास रोखून गिरवलं. तीन बिंदू जुळले. चौथा केसभर चुकला.

बाईंचे डोळे चमकले. "जवळ आहे. फार जवळ आहे. पण ते नव्हे. लोंबत्या साखळीचं वळण वेगळं असतं. ती हुबेहूब आपल्या वर्गसमीकरणाच्या वळणासारखी दिसते आणि भल्याभल्यांना फसवते."

कुणाचा चौथा बिंदू चुकला की त्यांना असा आनंद व्हायचा. बरोबर आलं की नुसती मान हलवायच्या. वर्गसमीकरणाच्या या वळणाला, म्हणजे पॅराबोलाला, मराठीत अन्वस्त म्हणतात हे मी सांगितलं, तेव्हा मात्र त्यांनी तो शब्द तीन-चारदा उच्चारून बघितला. "अन्वस्त. अन्वस्त. बावीस वर्षं वळणं काढली आणि हे नाव मला कुणी सांगितलं नाही." त्यानंतर आमच्या शोधाला नाव मिळालं. घरातून अन्वस्त आणायचा. आणि आमच्या चौघींच्या घरांत मिळून एकही वस्तू अन्वस्त निघत नव्हती.

मी वेडी झाले होते. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलेल्या माणसाच्या छत्रीची मूठ बघून मनात बिंदू घ्यायचे. हॉकर सेंटरमध्ये नूडल्सच्या वाडग्याची कड बघत बसायचे. दुपारी घरातली कामं उरकली की वही काढायची. ती वही मी पिठाच्या डब्यामागे ठेवायचे. का, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

ऑक्टोबरात मुक्ताची वार्षिक परीक्षा झाली आणि तिला ए-मॅथ्समध्ये एकतीस मिळाले.

शाळेतून पत्र आलं. हा विषय सोडावा अशी शाळेची शिफारस आहे, पालकांनी सोबतचा फॉर्म भरून सही करून पाठवावा. मुक्ताला पुढे इंजिनिअरिंगकडे जायचं होतं. हा विषय सुटला तर ती वाट बरीच अरुंद होणार होती. ती रडली नाही. "इट्स ओके, आई," म्हणाली, आणि फॉर्म टेबलावर ठेवून खोलीत गेली. नवऱ्याने चष्मा काढून डोळे चोळले. "आठ महिने तू त्या बाईंकडे जाते आहेस," तो म्हणाला, "त्याचं काय झालं?"

दुसऱ्या दिवशी मी बाईंकडे गेले ती भांडायलाच. दारात उभी राहूनच बोलले. तुमच्या नादी लागून माझ्या मुलीचं वर्ष गेलं, म्हटलं. साधी ट्यूशन लावली असती तर निदान पास झाली असती. केळी आणि कढया मोजत बसलो आम्ही. आणखीही बरंच बोलले, ते आता लिहायला लाज वाटते.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू तिला काय काय शिकवलंस?"

"म्हणजे?"

"आठ महिन्यांत तिच्याशेजारी किती वेळा बसलीस?"

एकदाही नाही. वही पिठाच्या डब्यामागे होती. मला भीती होती की ती हसेल. माझी अक्षरं, माझ्या आडव्या रेघा बघून म्हणेल, हे तर आम्ही सेक टूला केलं. आणि दुसरंही एक होतं, ते कबूल करायला मला बाईंचा दारात उभा असलेला चेहरा लागला. तो वेळ माझा होता. मला तो कुणाला द्यायचा नव्हता.

"जा घरी," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मीही विचारायला हवं होतं. मार्चमध्येच विचारायला हवं होतं. माझंही चुकलं." आणि त्यांनी दार लावून घेतलं.

संध्याकाळी मी वही काढली, पीठ झटकलं आणि मुक्ताच्या समोर ठेवली. तिने वही उघडली. पानं उलटत राहिली. कढईचा कान, केळं, बाबाच्या चष्म्याची दांडी, अनघामावशीचं मंगळसूत्र. प्रत्येकाखाली तीन बिंदू, समीकरण, आणि चौथ्या बिंदूपुढे फुली.

"हे सगळं तू केलंस?"

"हो."

"माझ्यासाठी?"

मी हो म्हणणार होते. तीच म्हणाली, "नॉट फॉर मी लाह. माझ्यासाठी असतं तर मला दाखवलं असतंस."

"आवडतं म्हणून केलं," मी म्हटलं. "पहिल्यांदा तुझ्यासाठी गेले. मग आवडायला लागलं."

ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कुणी शेजारीण आहे आणि तिला आत्ताच भेटलेय. मग तिचं बोट एका पानावर थांबलं. "आई, इथे मायनस लिहायचा राहिलाय. बघ, मायनस चारचा वर्ग प्लस होतो, पण b च्या आधीचा मायनस तसाच राहतो. म्हणून तुझं केळं चुकलं."

मी बघितलं. खरंच राहिला होता. बाईंच्याही नजरेतून सुटला होता. आम्ही दोघींनी ते केळं पुन्हा सोडवलं. ती सांगत होती, मी लिहीत होते. चौथा बिंदू तरीही चुकला, पण आता थोडक्यात. मुक्ता खुर्चीवर मांडी घालून बसली होती. गणित करताना मी तिला असं बसलेलं इथे आल्यापासून बघितलं नव्हतं.

"तुम्ही वस्तूंमध्ये का शोधताय?" ती म्हणाली. "फिजिक्समध्ये आहे ना. फेकलेली गोष्ट पॅराबोलात जाते. पाणी घ्या. आपल्या मागच्या बागेतला बेडूक आहे की."

आमच्या सेरंगूनच्या ब्लॉकमागे एक छोटी बाग होती. तिच्यात घोट्याएवढ्या पाण्याचं तळं आणि काठावर आभाळाकडे तोंड करून बसलेला दगडी बेडूक. त्याच्या तोंडातून पाण्याची धार उंच उडून तळ्यात पडायची. मी त्याच्याशेजारून रोज भाजी घेऊन जात होते.

मी तिथल्या तिथे बाईंना फोन लावला. सकाळच्या भांडणाची मला आठवणही राहिली नव्हती. "बाई, बेडूक," मी म्हटलं. मग मुक्ताने फोन घेतला आणि नीट सांगितलं. मग बाई म्हणाल्या, "उद्या आठ वाजता. बांबू मी आणते."

सकाळी आठला त्या खरंच दोन बांबू घेऊन एमआरटीतून आल्या. स्टेशनवरच्या माणसाने ते कसे आत नेऊ दिले, देव जाणे. दोन्हींवर त्यांनी स्वतःच्या वितीच्या खुणा केल्या होत्या. बांबू माझ्या हातात दिले, मुक्ताकडे बघून मान हलवली, आणि पाठ करून बाकावर जाऊन बसल्या. "मी मुलांना शिकवत नाही," तळ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."

मुक्ताने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरली. एक बांबू बेडकापासून आडवा धरायला मी, दुसरा उभा धरायला ती. बेडकाचं तोंड पाण्यापासून दोन विती वर. तोंडापासून दोन विती पुढे धार सहा विती उंच. चार विती पुढेही सहाच. तळ्याचा काठ झाडणारा एक म्हातारा चिनी माणूस झाडू टेकवून बघत होता. "आंटी, कॅनॉट गो इनसाइड लाह," तो म्हणाला. पण दोन बांबू आणि पाठमोऱ्या बसलेल्या बाई बघून त्याचाही जीव अडकला असावा. तो गेला नाही.

काठावर बसून मुक्ताने माझ्याच वहीत लिहायला घेतलं. c दोन. मग दोन समीकरणं. ती भरभर लिहीत होती, मध्येच एक चूक झाली, तिने आडवी रेघ मारली आणि पुढे गेली. a उणे अर्धा, b तीन.

"पाच विती पुढे किती?" मी विचारलं.

ती ओठ हलवत मोजत होती. "साडेचार."

बाई बाकावर अर्ध्या वळल्या होत्या.

मुक्ता पुन्हा पाण्यात उतरली. पाच वितींवर, धारेच्या बाजूला, तिने बांबू उभा केला. साडेचारच्या खुणेवर आडवा तळवा धरला. डोळे मिटले. आणि बांबू हळूच आत सरकवला.

धार तिच्या तळव्यावर आदळली. पाणी उसळून तिच्या तोंडावर, केसांवर, माझ्या वहीवर उडालं. ती डोळे मिटूनच हसायला लागली. "आई, आला. चौथा आला."

पाठीमागे पाण्यात काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला. बाई साडीसकट, कॅनव्हासच्या बुटांसकट तळ्यात उतरल्या होत्या. त्यांनी मुक्ताचं मनगट धरलं आणि तळवा निरखून बघितला. "मध्यावर नाही," त्या म्हणाल्या, "खालच्या कडेला लागलं. किंचित खाली. हवा अडवते ना धारेला, म्हणून. बघितलंस? हवासुद्धा दिसली आपल्याला." मग आपण एका मुलीला शिकवतोय हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी मनगट सोडलं. पण पाण्यातून बाहेर काही त्या आल्या नाहीत. सहा वितींवर किती, ते मुक्ताने स्वतःहून काढलं, आणि तेही बघितल्यावरच दोघी बाहेर आल्या. झाडूवाल्या माणसाने बाईंना हात देऊन वर घेतलं.

घरी आल्यावर मुक्ताने तो फॉर्म काढला. विषय चालू ठेवायचा, त्यापुढे तिने खूण केली आणि पेन मला दिलं. नवरा म्हणाला, "विचार केलाय ना?" ती म्हणाली, "हो. आई शिकवेल." मी सही केली. शाळेने आम्हाला बोलावून दोनदा समजावलं आणि मग एका सत्राची मुदत दिली.

त्यापुढचं वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. मार्चमध्ये तिला एकोणपन्नास मिळाले, मे महिन्यात सत्तावन्न. तोवर बाईंनी आणखी एक उद्योग करून ठेवला होता. ओ लेव्हलला, म्हणजे इथल्या दहावीच्या परीक्षेला, बाहेरून बसता येतं, याचा फॉर्म त्यांनी माझ्या नावाने अर्धा भरूनच ठेवला. "तुझी सही राहिलीय," म्हणाल्या. मी नाही म्हटलं, हसले, भांडले, आणि सही केली. लॉगॅरिदम मला मुक्ताने शिकवले. त्रिकोणमिती आम्ही दोघी एकत्र शिकलो आणि एकत्रच रडलो.

परीक्षेच्या दिवशी हॉलच्या दारात पर्यवेक्षक बाईंनी मला अडवलं. पालकांनी बाहेर थांबायचं, म्हणाल्या. मी प्रवेशपत्र दाखवलं. त्यांनी फोटो बघितला, मला बघितलं, आणि बाजूला होऊन दार धरून उभ्या राहिल्या. मी आत गेले. माझ्या पुढच्या बाकावर गणवेशातली मुलगी, मागच्या बाकावर सैन्यातली सक्तीची नोकरी करणारा तरुण. पहिली दहा मिनिटं मला कागदावरचं काहीच दिसेना. मग एका प्रश्नात तीन बिंदू दिसले आणि मी पेन उघडलं.

जानेवारीत निकाल लागला. मुक्ताला बी थ्री, मला बी फोर. एका पायरीने तिने मला हरवलं होतं आणि ते ती शाळेतल्या सगळ्यांना सांगत सुटली. शाळेच्या फाटकाबाहेर आम्ही दोघी एकमेकींचे कागद हातात घेऊन उभ्या होतो. बाईंना फोन केला तर लागेना. तशाच एमआरटी पकडून क्वीन्सटाउनला गेलो.

बाई खालीच भेटल्या, लिफ्टच्या दाराशी. हातात कापडी पिशवी, पिशवीत चौकोनी घरांची नवीकोरी वही. निकाल सांगितला. त्यांनी दोघींचे कागद शांतपणे वाचले, परत दिले, आणि मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात बराच वेळ तिथे राहिला.

"वर चला ना बाई," मी म्हटलं, "पेढे आणलेत."

"नंतर. आता मला वेळ नाही, माझा क्लास आहे." त्या जरा लाजल्या. मी त्यांना लाजताना पहिल्यांदाच बघत होते. "चिनी शिकतेय. तीस वर्षं या लिफ्टमध्ये समोरच्या आजीबाईंबरोबर वर-खाली केलं, आणि ऊन आहे, पाऊस आहे, यापलीकडे आमचं बोलणं गेलं नाही. त्यांना इंग्रजी येत नाही. आणि त्यांचे पाय आता थकले. फार दिवस थांबून चालायचं नाही."

तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि त्याच आजीबाई काठी टेकत बाहेर आल्या. बाईंनी पिशवी माझ्या हातात दिली, बूट जुळवून सरळ उभ्या राहिल्या आणि त्यांना काहीतरी म्हणाल्या. चार-पाच शब्दांचं वाक्य असावं. आजीबाईंनी कान पुढे केला. बाईंनी पुन्हा म्हटलं. आजीबाईंचा चेहरा आधी गोंधळला, मग एकदम फुलला; त्या इतक्या हसल्या की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. काय ऐकलं होतं त्यांनी कुणास ठाऊक. डोळे पुसत त्यांनी बाईंचा दंड धरला आणि तेच वाक्य, एकेक शब्द सुटा करून, स्वर वर-खाली नेत, म्हणून दाखवलं.

बाई त्यांच्या ओठांकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. आजीबाईंनी मान हलवली आणि पहिल्यापासून सुरुवात केली.